राणीचा रिकामा गळा

तिरुवल्लिक्केणी, मद्रास
२१ सप्टेंबर १९६१

अत्तै,

सुनेचा नमस्कार. उत्तर येणार नाही हे धरूनच लिहायला बसले आहे. मागची तीन पत्रं चुलीत घातली असं तुम्ही कुंभकोणमला गल्लीत सांगितल्याचं कळलं. घातली असतील. पण आधी वाचलीत आणि मग घातलीत, हे मी पैजेवर सांगते. पुडीतले शेंगदाणे बशीत ओतून आधी पुडीचा कागद वाचणारी बाई तुम्ही! न वाचता कागद जाळणं तुमच्याच्यानं व्हायचं नाही.

तुमची अट मी विसरलेले नाही. सगळ्या गल्लीदेखत ओट्यावर उभं राहून म्हणालात, "तै महिन्यातल्या पोंगलपर्यंत नोकरी कायम झाली तर ये आणि तुझी पोरगी घेऊन जा. नाही झाली तर मुकाट्यानं परत ये आणि ते ब्रश कावेरीत सोडून दे." मी हो म्हणाले. तेनमोळी तेव्हा तुमच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती. सात वर्षांच्या पोरीला काय कळतं म्हणतात लोक, पण तिला सगळं कळत होतं.

तर आता खरी परिस्थिती ऐका. नोकरी अजून हंगामीच आहे. साप्ताहिकाचे जुने चित्रकार डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले, त्यांच्या जागी मी 'कोळ्ळिडमची राणी'ची चित्रं काढते. ही कादंबरी चालेल तोवर मी. आणि कादंबरी चालत नाहीये, अत्तै. तुम्हाला काय सांगायचं! दर गुरुवारी दुपारी सगळ्या बायकांना ओट्यावर गोळा करून मोठ्यानं वाचणाऱ्या तुम्हीच. आडी महिन्यापासून, दोन महिने झाले, राजा अंथरुणावर पडलाय आणि आमचे लेखक मरुदनार त्याला बरंही करत नाहीत आणि मारतही नाहीत. दर आठवड्याला वैद्य आत जातो, बाहेर येतो, मान हलवतो. राणीचा मामा काळिंगरायर सिंहासनाकडे जिभल्या चाटत बघतो. युवराज तिकडे लांब लढाईवर. पुढे काही नाही. मरुदनारांचं घोडं अडलंय, आणि ते कबूल करण्यापेक्षा ते तपकीर ओढत बसतात.

संपादक वरदाचारी काल म्हणाले, "दिवाळीनंतर गुंडाळून टाकू ही राणी. खप उतरतोय." राणी गुंडाळली की मीही गुंडाळले गेले.

तेनमोळीचे केस फार घट्ट वेणीत बांधू नका. तिचं डोकं दुखतं आणि ती सांगत नाही.

तिलकवती

११ ऑक्टोबर १९६१

अत्तै,

आज मी खूश आहे, म्हणून लिहिते. रागावून लिहिलेलं तुम्ही वाचता, तर हेही वाचा.

पुढच्या गुरुवारच्या अंकात, १९ तारखेच्या, पूर्ण पानभर चित्र आहे माझं. प्रसंग असा: राणी अमुदवल्ली शयनगृहात एकटी, दासींना बाहेर पाठवलेलं, केस सोडलेले, समोर काशाचा आरसा, आणि पडद्यामागे मामाच्या हेराची सावली. मरुदनारांनी एवढंच लिहून दिलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले. त्यांना स्वतःलाच माहीत नाही पुढचं काय ते!

आता नमुन्याला बाई कुठून आणू? मीच आरशासमोर बसले. केस सोडले, मान वळवली, आणि आरशात जे दिसलं ते उतरवलं. अत्तै, मी आजवर काढलेल्या राण्या बाहुल्यांसारख्या होत्या. दागिने घातलेल्या, गुबगुबीत, डोळे मोठ्ठे. ही तशी नाही. ही जागी राहिलेली बाई आहे. छापखान्यातला चित्रांचे ठोकळे करणारा अनुभवी माणूस, तोसुद्धा म्हणाला, "अम्मा, ही बाई माझ्याकडे बघतेय असं वाटतं." वरदाचारींनी तर पडद्यामागच्या सावलीचं कौतुक केलं, भिवया उडवून सही ठोकली.

गुरुवारी बघा. ओट्यावर चित्र सगळ्यांना दाखवता ना, तेव्हा तेनमोळीला सांगा की हे तुझ्या आईनं काढलंय. नाही सांगितलंत तरी तिला कळेल. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'तिलकम' असं आहे.

ति.

२५ ऑक्टोबर १९६१

अत्तै,

तुम्हाला कळलंच असेल. साऱ्या तंजावर जिल्ह्याला कळलंय, मग तुम्हाला कसं नाही कळणार?

राणीच्या गळ्यात लग्नाची ताली नाही.

मी घातली नाही. विसरले असंही म्हणवत नाही. आरशात जी बाई दिसली तिच्या गळ्यात नव्हती, म्हणून चित्रातही आली नाही. तुमचा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. मला आता माझा गळा तसाच दिसतो, त्यात काही कमी आहे हे डोळ्यांना जाणवतच नाही. संपादकांनी पाहिलं नाही, ठोकळेवाल्यानं पाहिलं नाही, मरुदनारांनी तर चष्माच लावला नव्हता. पाहिलं ते वाचकांनी. राजा जिवंत आणि राणीचा गळा मोकळा! शनिवारी दुपारपासून पत्रांची पोती यायला लागली.

सोमवारी वरदाचारींनी बोलावलं. टेबलावर पत्रांचा ढीग, आणि ते लालबुंद.

"हे काय केलंत, अम्मा? नवरा जिवंत असताना सुवासिनीच्या गळ्यातली ताली उतरवलीत! तिरुनेल्वेलीच्या एका गृहस्थांनी लिहिलंय की त्यांच्या बायकोनं अंक घरात ठेवायला नकार दिला. मदुरैची एक शाळामास्तरीण विचारते, राजा मेला काय? दुसरी म्हणते, राणीनं घटस्फोट घेतला काय? मी काय उत्तर देऊ?"

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"चूक तुमचीच, पण नाक माझं कापलं जातंय!"

मरुदनार कोपऱ्यात बसून तपकिरीची डबी वाजवत होते. म्हणाले, "वरदा, पुढच्या अंकात एक ओळ टाका. चित्रकाराच्या नजरचुकीने. संपलं."

"आणि अम्मांचं काय?"

मग वरदाचारी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दिवाळी अंकापर्यंत काम करा. नंतर दुसरीकडे बघा." वाईट माणूस नाही तो. मला घालवताना त्याचा आवाज खाली आला, पण घालवलंन.

माफीची ओळ २ तारखेच्या अंकात जाणार आहे. तेव्हा अत्तै, तुम्ही जिंकलात. दिवाळी झाली की मी येते. ब्रश कावेरीत सोडीन म्हणाले होते, ते मात्र जमेल असं वाटत नाही. खोटं कशाला बोलू? मला रडू येतंय आणि राग येतोय, आणि कुणाचा राग येतोय हेच कळत नाही. गल्लीतल्या बायकांना हसू द्या.

ति.

३१ ऑक्टोबर १९६१

अत्तै! अत्तै!

काय लिहू आणि कुठून सुरू करू! शाई सांडली आहे, अक्षर समजून घ्या.

आज सकाळी टेबल आवरायला गेले होते. वरदाचारींच्या खोलीतून हसण्याचा आवाज. मला हाक मारली, "अम्मा, आत या. कुंभकोणमला कुणी वडिवाम्बाळ म्हणून बाई आहे, ओळखता?"

म्हटलं, आता सासूबाईंनीही तक्रार केली. एवढं बाकी होतं!

"ओळखते," मी म्हणाले. "माझी सासू आहे."

वरदाचारींनी मरुदनारांकडे पाहिलं. मरुदनारांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. अत्तै, तुम्ही ओट्यावर वाचता ना, थेट तसंच. तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच ऐकवते, कारण त्यांच्या तोंडून ते कसं वाटलं हे तुम्हाला कळायला हवं:

"संपादक महाशय, तुमच्या कचेरीत सगळ्यांच्या डोळ्यांवर झापडं बांधलीत काय? इथे बायका म्हणतायत चित्रकार चुकली. तुम्हीही उद्या तेच म्हणाल, म्हणून आधीच लिहिते. चुकली नाही. मी आडीपासूनचे सगळे अंक काढून पुन्हा वाचले. राजा एक शब्द बोललेला नाही. वैद्य आत जातो, राणी पेज घेऊन आत जाते, पण राजाचा आवाज कुणी ऐकला? इतका गप्प मेलेलाच माणूस राहतो. राजा कधीच गेलाय. राणीनं लपवलंय. कळलं तर तो मामा दुसऱ्या दिवशी सिंहासनावर बसेल आणि युवराजाला वाटेतच मारील. म्हणून दरबारात ती ताली घालून मिरवते, आणि एकटी झाली की काढून ठेवते. खोटं किती वेळ गळ्यात बाळगायचं?

हे मला कुणी शिकवायला नको. माझा मुलगा तिरुचीच्या दवाखान्यात वारला तेव्हा निरोप्या सकाळीच आला होता. सून उपाशी होती, आदल्या दिवशीपासून. मी त्या माणसाला देवळात नेऊन बसवलं आणि घरी येऊन सुनेला जेवू घातलं. दुपारपर्यंत सांगितलं नाही. तिनं पोटभर खाल्लं, मग सांगितलं. तेव्हा लपवणारी बाई आरशात कशी दिसते हे मला ठाऊक आहे. आणि हे चित्र काढणारीलाही ठाऊक आहे. तिला माफी मागायला लावाल तर आमच्या गल्लीत तुमचा अंक येणार नाही. वडिवाम्बाळ, कुंभकोणम."

वाचून झालं.

अत्तै, मला तो दिवस आठवतोय. तुम्ही समोर बसून आग्रह करकरून वाढत होतात. सांबार, वर तूप, वर पापड. "आणखी घे, आणखी घे." मी चिडून म्हणाले होते, त्यांना तिकडे इतकं बरं नाही आणि तुम्हाला जेवणं सुचतं कशी? तुम्ही आणखी एक पापड वाढलात. तीन वर्षं मी तेवढ्यासाठी तुमच्यावर डूख धरून होते. एकदा तरी सांगायचं होतंत! तुमचा स्वतःचा मुलगा गेला होता आणि तुम्ही मला पापड भाजून वाढत होतात. मी तिथेच, त्या दोन म्हाताऱ्यांसमोर, खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

मग काय झालं ते ऐका. मरुदनारांनी पत्राची घडी घातली, चिमूटभर तपकीर ओढली, दोन शिंका दिल्या आणि छाती काढून म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच ठरवलं होतं."

"खोटं बोलू नका!" वरदाचारी ओरडले. "मागच्या सोमवारी तुम्ही राजाला मिरीच्या रसावर बरा करायला निघाला होतात!"

"ते तुमची परीक्षा घ्यायला."

"परीक्षा! तीन महिने तुम्ही राजाला तोंड उघडू दिलं नाहीत, कारण त्याला बोलायला काय लावायचं हेच तुम्हाला सुचत नव्हतं!"

"तेच तर, वरदा! न सुचता जे सुचतं त्यालाच प्रतिभा म्हणतात. माफीची ओळ काढा. छापखान्यात फोन करा, आत्ताच्या आत्ता. आणि अम्मा, डोळे पुसा. या आठवड्याचं चित्र तुम्ही ठरवा. राणी दरबारात शिरते आहे. गळ्यात काय आहे ते तुम्ही सांगा, मी तसं लिहितो."

ऐकलंत? मी सांगायचं आणि मरुदनारांनी लिहायचं!

दिवाळीला मी येत नाही. काम आहे. तेनमोळीला फटाके आणा, पण मोठे नकोत.

तुमची
तिलकवती

२२ नोव्हेंबर १९६१

अत्तै,

गुरुवारी, १६ तारखेला, अंक निघाला. तुम्ही वाचला असणारच, पण इथे काय झालं ते तुम्हाला कसं कळणार!

सकाळी सहाला मयिलापूरच्या तळ्याजवळच्या दुकानावर गेले. दुकानदार म्हणाला, "संपले, अम्मा. गठ्ठा सोडायच्या आतच संपले." बसमध्ये चढले तर वाहक तिकीट फाडायचं सोडून पुढच्या बाकावरच्या माणसाच्या खांद्यावरून वाचतोय. त्या माणसानं पान उलटलं तर वाहक म्हणतो, "थांबा हो, माझं व्हायचंय." गाडीत कुणी तक्रार केली नाही, कारण जो तो ऐकत होता. शेवटी एका आजीनं हुकूमच सोडला, "मोठ्यानं वाच रे बाबा, मला चष्मा नाही." आणि तो वाचायला लागला.

राणी भर दरबारात उभी. मामा काळिंगरायर म्हणतो, राजा जिवंत आहे तर त्याला इथे आणा. सगळे श्वास रोखून. आणि राणी सावकाश गळ्यातून ताली काढते, त्याच्यासमोर ठेवते आणि म्हणते, "राजा गेला त्याला तीन महिने झाले. या तीन महिन्यांत हे राज्य जिनं चालवलं ती मी. तुम्हाला एकदाही फरक कळला नाही, मामा." आणि त्याच क्षणी किल्ल्याच्या दारावर युवराजाचे नगारे!

बसमध्ये टाळ्या पडल्या, अत्तै. चालत्या बसमध्ये! मी खिडकीशी बसले होते, कुणाला ठाऊक नव्हतं मी कोण ते. वाटत होतं उठून ओरडावं, ते चित्र माझं आहे! नाही ओरडले. पण माझा थांबा मागे गेला, तरी उतरले नाही, तो माणूस संपवेपर्यंत बसले.

छापखाना पुन्हा सुरू केला. संध्याकाळपर्यंत दुसरी खेप, तीही गेली. मरुदनार सगळ्यांना सांगत सुटलेत की तीन महिन्यांचं मौन ही त्यांची खेळी होती. दोन मोठ्या प्राध्यापकांनी त्यांना तसं पत्रही लिहिलंय, "अशी धीराची रचना आमच्या पाहण्यात नाही." वरदाचारी ते पत्र वाचून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आणि पत्रं! मागच्या वेळी शिव्या होत्या. या वेळी बायकांची पत्रं आहेत, अत्तै. काही पेन्सिलीनं, काही कुणाकडून लिहवून घेतलेली. एक पुदुक्कोट्टैची: 'लग्नकार्यात मला मागच्या रांगेत बसवतात. काल मी तुमची राणी हातात धरून पुढे बसले. कुणी उठवलं नाही.' एक सेलमची: 'माझ्यासारख्या गळ्याची बाई मी कधी गोष्टीत पाहिली नव्हती. असली तरी कोपऱ्यात, रडत. ही उभी आहे.' मी वाचत गेले आणि एकेक पत्र छातीशी धरत गेले. ही राणी माझ्या हातून चूक म्हणून झाली, आणि तुम्ही एकट्या होतात जिला ती चूक वाटली नाही.

आता मुद्द्याचं. वरदाचारींनी आज कायमचं पत्र दिलं. पगार वाढला. मरुदनारांनी अट घातली की ही राणी आणि पुढच्या सगळ्या राण्या तिलकमच काढणार. जुने चित्रकार येतील तेव्हा त्यांना युद्धं आणि हत्ती. ते म्हणे हत्ती फार सुंदर काढतात.

तैच्या पोंगलला अजून दोन महिने आहेत. मी तुमची अट पुरी केली, अत्तै! पुरी केली! गल्लीला सांगा, ओट्यावर उभ्या राहून सांगा!

पण पोरीला न्यायला मी यावं की नाही, हे तुम्ही लिहाल तर येईन. न विचारता येणार नाही. तुमच्याकडून ती हिसकावून घ्यायची नाही मला.

तिलकवती

४ जानेवारी १९६२

अत्तै,

तुमचं पत्र आलं. पहिलं! पोस्टमन म्हणाला, अम्मा, कुणाचं लग्न ठरलं काय? इतकी मी हसत होते.

'पोरीला घेऊन मीच येते. एवढ्या लांब तिला एकटीला कुणाबरोबर धाडू? शाळेचं बघून ठेव. पोंगल तिथेच करू, तांदूळ इथून आणते, तुमचा तिकडचा तांदूळ म्हणजे खडे.' एवढं वाचून मी उडीच मारली. खालच्या मजल्यावरची मालकीण वर बघायला आली.

आणि मग तुमची ती शेवटची ओळ: 'परंतु एक. मला आधी सांगायचं, मामा सुटतो की पकडला जातो. आठ दिवस झोप नाही. गल्लीतल्या बायका रोज विचारतात, तुझ्या सुनेला ठाऊक असेल, तुझ्या सुनेला ठाऊक असेल. पत्रात लिही. मी कुणाला सांगणार नाही.'

सांगणार नाही! अत्तै, तुम्हाला कुणी ओळखत नाही काय?

नाही लिहिणार. मरुदनारांना शब्द दिलाय, आणि राजवाड्यातलं गुपित सुनेकडून फुटलं असं पुढे म्हणायला नको. सगळ्या मद्रास प्रांताबरोबर तुम्हीही गुरुवारची वाट बघा.

मात्र खोली एकच आहे आणि टेबलही एकच. चित्र सोमवारपासून त्यावर पसरलेलं असतं, बुधवारी संध्याकाळी मी ते छापखान्यात नेते, आणि मधले दोन दिवस त्यावर झाकण घालायची मला सवय नाही. पोंगलनंतर परत जायची घाई करू नका. तेनमोळीची शाळा, तिची वेणी, मला एकटीला काय काय जमणार? राहा. इथेही खाली चांगला रुंद ओटा आहे, आणि गुरुवारी वाचून दाखवायला कुणी नाही म्हणून बायका चुळबुळत असतात.

मी एग्मोर स्टेशनवर अर्धा तास आधीच येऊन उभी राहीन.

तुमची सून,
तिलकवती